अ‍ॅरिझोनातल्या ट्यूसॉनमध्ये घरासमोर युक्का लावायचा आहे. वाळवंटातून उपटून आणलेलं मोठं झाड स्वस्तात मिळतंय, ते घ्यावं की नर्सरीतलं रोप?

नर्सरीतलं रोपच घ्या, पाच गॅलनच्या कुंडीतलं. तुमच्याकडच्या उंच खोडाच्या युक्काचं (युक्का इलाटा) सोटमूळ खूप खोल जातं. उपटताना ते तुटतं, तरी खोडातल्या साठ्यावर झाड कित्येक महिने हिरवं राहतं आणि मग अचानक मान टाकतं. शिवाय अ‍ॅरिझोनात ही झाडं कायद्याने संरक्षित आहेत. राज्याच्या कृषी विभागाचा टॅग नसलेलं झाड घेऊच नका.

लावा एप्रिल-मेमध्ये, माती तापल्यावर. थंडीत मुळं हलत नाहीत आणि रोप ओलीत बसून राहतं. खड्डा कुंडीइतकाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट घ्या. आधी तो पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर खाली कलीचीचा, म्हणजे चुनखडीचा, कडक थर आहे. पहारीने तो आरपार फोडा, नाहीतर जागा बदला. भरायला खड्ड्याचीच माती वापरा. शेणखत, कंपोस्ट काही नको. बुंधा मातीत गाडू नका. पानांची टोकं जबर टोचतात, म्हणून पायवाटेपासून दीड मीटर तरी लांब लावा.

पहिला उन्हाळा आठ-दहा दिवसांनी पाणी द्या, पण दोन फूट मुरेल इतकं. लोखंडी सळई खुपसून बघा: ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरडं लागलं की अडते. रुजल्यावर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे, हिवाळ्यात अजिबात नको. युक्का तहानेने क्वचितच जातो, जातो तो बुंधा कुजून. गाभ्यातली पानं हलकेच ओढल्यावर हातात आली, तर आत कूज आहे किंवा सोंड्या भुंगा शिरलाय. असं झाड मुळासकट काढून टाका, म्हणजे शेजारचे अगेव्ह (घायपात) वाचतील.

खोडावरची वाळकी पानं मात्र राहू द्या, ती खोडाला उन्हापासून जपतात.

फुलं आल्यावर कीटकनाशक मारू नका, ही माझी कळकळीची विनंती. युक्काचं परागीभवन एक छोटा पांढरा पतंग करतो. मादी परागकणांची गोळी तोंडाशी धरून आणते, फुलाच्या बीजकोशात अंडी घालते आणि मग पराग स्वतःहून कुक्षीवर दाबते. अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाचं. पुढे अळ्या जमिनीत शिरून कोश करतात, म्हणून झाडाखाली प्लास्टिक अंथरू नका. बोंडांवर बारीक भोकं दिसली की अळ्या बाहेर पडल्या असं समजा, आणि त्यानंतरच फुलांचा दांडा कापा.