दोन मॉनिटरसाठी स्वस्तातलं डॉकिंग स्टेशन कोणतं घ्यावं?

तुमची गरज मला कळली ती अशी: सांगलीत विश्रामबागला घरून काम, विंडोजचा लॅपटॉप, २४ इंची फुल एचडी दोन मॉनिटर, एकच केबल लावली की सगळं सुरू व्हावं आणि खर्च ५,००० रुपयांच्या आत राहावा.

आधी डॉक, म्हणजे एका केबलवर मॉनिटर, यूएसबी आणि चार्जिंग जोडून देणारा डबा, लागतोच का ते बघा. लॅपटॉपला स्वतःचा एचडीएमआय पोर्ट असेल आणि टाइप-सी पोर्टमधूनही चित्र बाहेर येत असेल, तर एक मॉनिटर थेट एचडीएमआयवर लावा आणि दुसऱ्यासाठी टाइप-सी ते एचडीएमआय केबल घ्या. हजार-बाराशेच्या आत काम होतं. लॅपटॉप रोज उचलून न्यायचा नसेल तर मी हाच मार्ग सुचवेन आणि वाचलेल्या पैशांत यूपीएस घ्यायला सांगेन.

डॉकच हवा असेल तर दुकानात जाण्यापूर्वी टाइप-सी पोर्ट तपासा. सगळे टाइप-सी पोर्ट दिसायला सारखे असतात, पण काहींतून फक्त डेटा जातो, काहींतून चार्जिंगही होतं, आणि चित्र फक्त 'डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड' असलेल्यांतूनच निघतं. पोर्टशेजारी टोकाला बाण असलेलं विजेचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, टाइप-सीचाच जास्त वेगवान प्रकार, त्यात चित्र येतंच. डी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह असेल तरीही येतं. काहीच चिन्ह नसेल तर विंडोज आणि आर या कळा दाबून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) टाइप करून उघडा, 'सिस्टिम मॉडेल'पुढचं नाव घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची माहिती वाचा. त्याहून पक्की चाचणी म्हणजे कुणाची तरी टाइप-सी ते एचडीएमआय केबल मागून आणायची आणि घरच्या टीव्हीला लावून बघायची.

पोर्टमधून चित्र येत असेल तर तुम्हाला हवा तो दोन एचडीएमआयचा, एमएसटी (मल्टि-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट) असलेला हब, म्हणजे छोटा डॉक. एमएसटी हा शब्द महत्त्वाचा आहे. 'ड्युअल एचडीएमआय' असं ठळक छापलेले बरेच हब दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवतात. एका केबलमधून दोन वेगळी चित्रं पाठवायचं काम एमएसटी करतं. माहितीत 'एसएसटी' (एकच चित्र पाठवणारी पद्धत) लिहिलं असेल किंवा 'एक्स्टेंड'चा, म्हणजे प्रत्येक मॉनिटरवर वेगळं चित्र दाखवण्याचा, उल्लेखच नसेल, तर तो हब घेऊ नका. एचडीएमआय आणि व्हीजीए असे दोन पोर्ट असलेले स्वस्त हबही बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा देतात. मॅकबुक असेल तर हा मार्गच बंद, कारण मॅकओएस एमएसटीवर वेगळी चित्रं देत नाही. शिवाय साध्या एम१ आणि एम२ चिपचं मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं.

एका केबलमध्ये किती मावतं याचा हिशोब असा. टाइप-सीत वेगवान अशा चार लेन, म्हणजे माहिती वाहणाऱ्या वाटा, असतात. हबमध्ये यूएसबी ३चे पोर्ट असले की त्यातल्या दोन लेन डेटाकडे जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२च्या हिशोबाने त्या दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट जातात. ६० हर्ट्झवरच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) एका फुल एचडी मॉनिटरला साधारण ३.३ लागतात, दोघांना ६.६. म्हणजे तुमचं सहज बसतं. ४के ६० हर्ट्झला मात्र साडेबाराच्या वर लागतात, म्हणून स्वस्त हब ४के ३० हर्ट्झवरच देतात आणि माउसचा बाण अडखळत पळतो. २५६० गुणिले १४४०चे दोन मॉनिटर पुढेमागे घ्यायचे असतील तर ११.६ लागतील. त्यासाठी हब आणि लॅपटॉप दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४चे हवेत. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीतल्या लॅपटॉपवर लॅपटॉपचा पडदा धरून तीनच पडदे चालतात, हेही लक्षात ठेवा.

असा हब साधारण तीन ते पाच हजारांत मिळतो. पॅकवर '१०० वॉट पीडी' (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरचं चार्जिंग) लिहिलेलं असतं, पण तेवढी वीज हब स्वतः देत नाही. तुमचाच चार्जर हबला लावायचा, हब त्यातले १०-१५ वॉट स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले लॅपटॉपला देतो. ६५ वॉटच्या चार्जरचे जेमतेम ५० पोचतात, आणि मग 'स्लो चार्जर'ची सूचना येते किंवा काम करता करता बॅटरी उतरत जाते. १०० वॉटचा टाइप-सी चार्जर आणि ५ अँपिअरची केबल घेतली की प्रश्न मिटतो. साध्या टाइप-सी केबलमधून ६० वॉटच जातात. लॅपटॉप गोल पिनेवर चार्ज होणारा असेल तर त्याचा मूळ चार्जर तसाच चालू ठेवा.

पोर्टमधून चित्र येतच नसेल तर डिस्प्लेलिंक चिपचा, म्हणजे चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवणारा, डॉक घ्यावा लागेल. तो साध्या यूएसबीवरही दोन मॉनिटर चालवतो, पण ड्रायव्हर टाकावा लागतो आणि चित्र दाबून पाठवायचा भार प्रोसेसरवर पडतो. एक्सेल, कोडिंग, मेल यांना पुरेसा आहे. गेम आणि व्हिडिओ एडिटिंगला नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर टाकायची परवानगी आधी विचारा. असा नवा डॉक बहुधा तुमच्या बजेटबाहेर जाईल, जुना डेल डी६००० मिळाला तर बघा.

मोठ्या कंपन्यांतून निघालेले डॉक जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत येतात, आणि माझ्या मते स्वस्तातली सर्वांत चांगली खरेदी तीच. आल्ट मोडच्या पोर्टसाठी डेल डब्ल्यूडी१९ किंवा लेनोव्होचा थिंकपॅड यूएसबी-सी डॉक शोधा. मूळ अडॅप्टर सोबत असल्याशिवाय घेऊ नका, तो वेगळा घ्यायचा झाला तर स्वस्ताई संपते. डब्ल्यूडी१९ची केबल डॉकलाच जोडलेली असते. ती टोकाशी हलवून बघा, चित्र लुकलुकलं तर सोडून द्या.

पावसाळ्यात वीज येते-जाते, तेव्हा चार्जर बंद पडला की हब क्षणभर रीसेट होतो, पेन ड्राइव्ह सुटतो आणि चालू असलेली कॉपी अर्धवट राहते. म्हणून चार्जर, दोन्ही मॉनिटर आणि राउटर एकाच ६०० व्हीएच्या यूपीएसवर घ्या. २४ इंची मॉनिटर २०-२५ वॉटच खातो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं सहज निघतात. जुन्या घरात अर्थिंग नसेल तर धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अशा ठिकाणी एचडीएमआय केबल चालू स्थितीत काढू-लावू नका, पोर्ट जळू शकतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

घेतल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत नेमकं हे करा: विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा, दोन्ही मॉनिटरचा रिफ्रेश रेट ६० आहे का बघा, पेन ड्राइव्हवर ४-५ जीबीची फाइल कॉपी करा आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉल चालू ठेवा. मग लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवा. वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल हबमधून काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, कारण यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. झोपेतून उठल्यावर एखादा मॉनिटर परत येत नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. तरीही येत नसेल तर हब बदलून घ्या.