पाच लाख बाजूला ठेव

चि.,

अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला तुझा निरोप आला. बडोद्याच्या त्या लाल ऑडी टीटीचे अकरा फोटो आणि खाली एवढंच, "काका, घेऊन टाकू?" अकरातले नऊ बाहेरून काढलेले, एक स्टिअरिंगचा, एक मागे सूर्य मावळतानाचा. इंजिनाचा एकही नाही. टायरवरच्या आकड्यांचा नाही, सर्व्हिसच्या बिलाचा नाही. विकणाऱ्याला जे दाखवायचं होतं ते त्यानं दाखवलं आणि तू तेच मला पुढे पाठवलंस.

हौसेची गाडी घ्यावी की नाही, यावर मी एक शब्द बोलणार नाही. घ्यावी. तुझ्याजवळ पंधरा लाख आहेत, गाडी साडेचौदाला मिळतेय, म्हणून हिशेब बसतो असं तू लिहितोस. तो बसत नाही. पंधरा असतील तर गाडी दहाची आणि पाच लाख बाजूला. दहाची आवडीची मिळत नसेल तर थांब. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

कारण साधं आहे. २०१२ ची गाडी निम्म्याहून निम्म्या किमतीला येते, पण तिचा ब्रेक, तिचा शॉकअप, तिचा गिअरबॉक्स स्वस्त होत नाहीत. ते नव्या ऑडीच्याच भावानं येतात, आणि बरेचदा मागवून आठवडे वाट बघावी लागते. पहिल्या मालकानं पन्नास हजार किलोमीटरला करायची कामं केली नाहीत, दुसऱ्यानंही नाही. गाडी विकली जातेय ती बरेचदा त्याच कामांचा खर्च समोर दिसायला लागला म्हणून. तो खर्च कोणीतरी करणारच. तू कर, पण तो किमतीतून वजा करून.

आता त्या टीटीचं. २०१२ चं दोन लिटरचं टीएफएसआय (टर्बो पेट्रोल) म्हणजे कंपनीच्या ईए८८८ घराण्यातलं इंजिन. त्या वर्षांच्या या इंजिनांची दोन दुखणी जगभर माहीत आहेत. पहिलं, तेल पितं. पिस्टनच्या ऑइल रिंगा बारीक आहेत, त्यांच्या मागची तेल परत जायची भोकं कार्बननं बुजतात, मग तेल सिलिंडरच्या भिंतीवर राहून जळतं. मॅन्युअल हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालेल म्हणतं. त्याहून जास्त पीत असेल तर इलाज पिस्टन आणि रिंगा बदलण्याचा, म्हणजे इंजिन उघडणं. "महागडं तेल टाका, थांबेल" असं कोणी म्हणालं तर ऐकून घे आणि निघून ये. विकणाऱ्याला सरळ विचार: दोन सर्व्हिसच्या मध्ये किती लिटर वरून टाकता? "कधीच नाही" असं पटकन उत्तर आलं तर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून बघ. पातळी खालच्या खुणेला असेल तर एकतर उत्तर खोटं, किंवा त्याला गाडीची माहितीच नाही. दोन्ही तुझ्या कामाचं.

दुसरं दुखणं टायमिंग चेनच्या टेन्शनरचं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी ती साखळी, तिला ताणून धरणारा तो टेन्शनर. सुरुवातीच्या बनावटीचा टेन्शनर तेलाचा दाब गेल्यावर चेन धरून ठेवत नाही. चेन दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात आणि इंजिन संपतं. याची चाहूल एकाच वेळी लागते: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, पहिल्या दोन-तीन सेकंदांत, डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. गरम इंजिनात तो आवाज बहुधा येत नाही. म्हणून गाडी थंड असतानाच बघायची. आदल्या रात्री फोन करून सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर आणि सायलेन्सरच्या तोंडावर हात ठेव. कोमट लागलं तर समज, काहीतरी झाकलंय. मग चहा घे, गप्पा मार, पण सौदा नको. टेन्शनर बदलल्याचं बिल असेल तर त्यावरचा पार्ट नंबर उतरवून घे, सुधारित टेन्शनरचा नंबर वेगळा असतो.

सुरू केल्यावर मागे उभा राहा. पहिला निळसर धूर म्हणजे तेल. थंडीतली पांढरी वाफ चालते, पण इंजिन तापल्यावरही पांढरं येत राहिलं तर कूलंट जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचे फेरे, हजार-बाराशेवरून सावकाश सातशे-आठशेवर येऊन तिथं स्थिर राहायला हवं. वर-खाली होत असेल, तर या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन पहिला संशयित. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याचा मारा करून ते साफ करतात, हवा आत नेणारा मॅनिफोल्ड काढून. हे बिघाड नाही, देखभाल आहे. तरी खर्च आहेच, आणि तो त्या पाच लाखांतून.

गिअरबॉक्स सहा स्पीडचा, ओल्या (तेलात फिरणाऱ्या) दोन क्लचांचा ऑटोमॅटिक, म्हणजे डीएसजी, असेल तर तेल आणि फिल्टर दर साठ हजार किलोमीटरला, साधारण पाच-साडेपाच लिटर. "लाइफटाइम आहे, बदलावं लागत नाही" हे वाक्य ऐकलंस की बिल माग. गाडी चढावर उभी करून आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) आलटून पालटून लाव. पकडायला सेकंदाहून जास्त वेळ किंवा धक्का नको. मग पायी चालायच्या वेगानं पहिल्यातून दुसऱ्यात जाऊ दे. गिअर बदलणारा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक्स, कुरकुरायला लागलं की ते तिथंच कळतं, हायवेवर नाही. तुला मात्र हायवेवरच न्यायला बघतील. क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर मागच्या चाकांना जोडणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं तेल वेगळं असतं, त्याचं कोणी नावही काढत नाही. आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकसारखे झिजलेले हवेत, नाहीतर हॅल्डेक्सवर विनाकारण ताण येतो. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात: ३५१७ म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा वर्षांपलीकडचं रबर इंदूरच्या मे महिन्यात मी धरत नाही. चार चांगले टायर म्हणजे लाखाच्या आसपास गेलेच. पाच लाखांतला पहिला लाख, अजून इंजिनाला हातही लागला नाही.

लोहचुंबक घेऊन जाऊ नकोस, हसतील. या टीटीचा सांगाडा वजनानं ६९ टक्के अॅल्युमिनियमचा आहे, चुंबक बऱ्याच ठिकाणी चांगल्या पत्र्यालाही चिकटणार नाही. अॅल्युमिनियमवर चालणारा पेंट मीटर घे. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन. अडीचशेच्या वर म्हणजे पुन्हा रंगवलंय, हजाराच्या घरात म्हणजे खाली पुट्टी. बंपरला घासलं म्हणून रंगवणं वेगळं, पण छत आणि दाराच्या चौकटीतले खांब जाड आले तर परत ये. अॅल्युमिनियमचा सांगाडा गल्लीत ठोकून सरळ होत नाही. दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघ, पान्यानं रंग उडाला असेल तर दार निघालेलं आहे. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो दिवा कोणीतरी बंद पाडलाय.

आता बडोदं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, मगरी रस्त्यावर आल्या होत्या, तू व्हिडिओ पाहिलेच असशील. त्याच रस्त्यांवर गाड्याही उभ्या होत्या. जीजे-०६ ची प्रत्येक गाडी बुडलेली नसते, पण प्रत्येक गाडी बघावी लागते. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढ; आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते, ती धुवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, मागच्या कार्पेटखालची जागा, हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ, फ्यूजबॉक्सच्या पितळी टोकांवरचा हिरवा थर, हे सगळं बघ. कार्पेट हातानं दाबून वास घे. अत्तराचा दणदणीत वास आला तर आणखी दाब.

गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावायचाच, आणि आपला न्यायचा. फॉल्ट कोड शून्य आले म्हणून खूश होऊ नकोस. रेडिनेस बघ, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात की नाही. कोड नुकतेच पुसलेले असले की तपासण्यांपुढे "तयार नाही" असं येतं. म्हणजे तू येणार म्हणून सकाळीच साफसफाई झाली.

तू शेवटी जाता जाता लिहिलंस, मुंबईत २००८ ची पोर्शे केमनही आहे, थोडी ताणून बजेटात बसेल. ताणून! २००९ च्या आधीच्या त्या इंजिनात आयएमएस नावाचं मधल्या शाफ्टचं, दगा देणारं बेअरिंग आहे, आणि ते इंजिन दोन भागांत फोडल्याशिवाय बदलता येत नाही. शिवाय ३.४ लिटरच्या केमन एसमध्ये सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात. त्यासाठी बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून बघावं लागतं, कानांनी नाही. २००९ पासून इंजिन नवं आलं, त्यात ते बेअरिंगच नाही. या गाडीचा एक गुण मात्र मला आवडतो: तिच्या संगणकात इंजिन किती तास चाललं याची नोंद असते. मीटरवरचे किलोमीटर त्या तासांनी भाग. शहरातली गाडी पंचवीस-तीस देते. दहा-बारा आलं तर मीटर मागे फिरवलाय असं धर. ओव्हररेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याच्या, पायऱ्याही त्यातच असतात. वरच्या पायऱ्यांवर नोंद म्हणजे कोणीतरी पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसऱ्यात टाकलंय. पण ही गाडी पंधरात घेऊन हातात शून्य ठेवायचं असेल तर हा विषय इथंच थांबवू.

कागदांचं थोडक्यात, कारण हे तुझे बाबा माझ्याहून नीट बघतील. कर्ज फिटलं असेल तरी आरसीवर बँकेचं नाव बरेचदा तसंच राहतं. ते नाव काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी. जीजेहून एमपीत आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी, मग मालकी बदलायचे फॉर्म २९, ३०, आणि एमपी-०९ चा नंबर घेताना इथला आजीवन कर नव्यानं. तो किती, हे टोकन देण्याआधी आरटीओतून काढ, एजंटच्या अंदाजावर जाऊ नकोस. २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ ला संपते, मग फिटनेस आणि पाच वर्षांचं नूतनीकरण. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) बहुतेक कंपन्या देत नाहीत, म्हणजे एक हेडलाइट फुटला तरी निम्मा तुझा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीबरोबर येत नाही. हे सगळंसुद्धा पाच लाखांतून.

तुझे बाबा म्हणतील, काका सगळ्यांनाच नाही म्हणतात. नाही म्हणत नाही मी, थांब म्हणतो. आणि या बाबतीत हट्टी आहे हे मान्य. आपल्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या गल्ल्यांत कव्हर घातलेल्या, चारही टायर बसलेल्या ज्या गाड्या दिसतात ना, त्या वाईट गाड्या म्हणून उभ्या नाहीत. घेताना सगळे पैसे गाडीत गेले आणि पहिल्या मोठ्या कामाला हातात काही उरलं नाही, म्हणून उभ्या आहेत. आता दोन वर्षं उभं राहून त्यांची रबरं, पेट्रोलपंप, बॅटरी सगळंच गेलंय. आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं. उभ्या गाडीच्या टाकीला आणि जुन्या नळ्यांना ते अजिबात मानवत नाही. मला कोणी खडूस म्हणालं तरी चालेल. मी आकडा बदलणार नाही.

आणि हो, पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासायच्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक असला तरी तुझी गाडी रोज चालणार ती पलासिया ते विजयनगर. घरासमोरच्या स्पीडब्रेकरची उंची फूटपट्टीनं मोज आणि तसाच एखादा स्पीडब्रेकर बडोद्यात शोधून त्यावरून ती तिरकी काढून बघ, खाली घासते का.

शनिवारी रात्रीच निघ, म्हणजे रविवारी सकाळी सातला दारात असशील. बरोबर टॉर्च, पेंट मीटर, स्कॅनर, पांढरा कागद (पोचल्या पोचल्या गाडीखाली सरकवून ठेव, काय टपकतं ते दिसेल) आणि जुनी चादर, खाली झोपून बघायला. तिथल्या एखाद्या वर्कशॉपची लिफ्ट आधीच ठरव, तासाचे पैसे दे, विकणाऱ्याच्या ओळखीचं वर्कशॉप नको. चेकबुक घरी ठेव. मला डिपस्टिकचा, चारही टायरच्या आकड्यांचा आणि रेडिनेसच्या पडद्याचा फोटो पाठव, आणि पहिल्या स्टार्टचा आवाज रेकॉर्ड कर, बॉनेट उघडून, बोलायचं नाही मध्ये. मग दहा लाखांवर बोलू.

तुझा,
काका