घरी सफाई, रंगमंचावर घाई

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि शाळेपासून गिटार वाजवतो. घरी अवघड सोलोही सहज निघतात. परंतु स्नेहसंमेलनात हुतात्मा स्मृतिमंदिराच्या रंगमंचावर बोटे गार पडली आणि लय धावू लागली. माझ्याहून कमी तयारीच्या मित्राने मात्र टाळ्या मिळवल्या. गिटारवादक थोर ठरतो तो तयारीमुळे की आत्मविश्वासामुळे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तयारी म्हणजे वेग, असे आपण धरून चालला आहात, असे पत्रावरून वाटते. अमेरिकन ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एकेक स्वर डाव्या हाताच्या कंपनाने असा बोलका करीत, की दोन-चार स्वरांतच वादक ओळखू यावा. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवर पट्टी सरकवत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, साधली आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर व बासरीच्या बरोबरीने वाजली. जॅझ गिटारवादक जँगो रेनहार्ट यांची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ च्या आगीत जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्यांनी सोलोची स्वतंत्र पद्धत बसवली. वेग त्यांच्याकडे भरपूर होता. पण ऐकणाऱ्याला आधी भेटतो तो त्यांचा स्वतःचा आवाज. माझ्या मते थोरवी मोजायची ती इथे.

आता आत्मविश्वासाविषयी. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनालिन वाढते, बोटांकडील रक्तपुरवठा घटतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि योग्य लयही संथ वाटू लागल्याने हात पुढे पळतो. हे नामवंतांनाही चुकत नाही. मात्र घरी जी रचना आपल्या क्षमतेच्या अगदी टोकाला जाऊन जेमतेम निघते, ती अशा वेळी हमखास मोडते. आपल्या मित्राने बहुधा आवाक्यातलीच रचना निवडली असावी, आणि तो शहाणपणा मी कमी लेखणार नाही.

म्हणून रंगमंचासाठी अशी रचना घ्यावी, जी मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर) ठरलेल्या लयीहून थोडी जलदही निर्धास्त निघते. ती केवळ बोटांच्या सवयीवर सोडू नये. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) कोणत्या क्रमाने येतात हे तोंडाने म्हणता यावे, सुरावट गुणगुणता यावी आणि मधल्या कोणत्याही ओळीपासून उचलता यावी, म्हणजे एक स्वर निसटला तरी पुढची जागा सापडते. चूक झाली की थांबून पुन्हा पहिल्यापासून वाजवणे ही घरच्या रियाजातली सर्वांत घातक सवय आहे, कारण रंगमंचावरही हात तेच करू पाहतो. आठवड्यातून एकदा तरी चार माणसे समोर बसवून, काहीही झाले तरी न थांबता, रचना शेवटपर्यंत वाजवावी. गणेशोत्सवात गल्लीतल्या मंडळापुढे वाजवण्याची संधी आली, तर ती अजिबात सोडू नये.

आणखी एक, कारण सोलापूरचा उन्हाळा ठाऊक आहे. उन्हातून वातानुकूलित सभागृहात आणलेल्या गिटारचे सूर हलतात. तेव्हा अर्धा तास आधी पोहोचावे, गिटार पेटीबाहेर काढून ठेवावी आणि रंगमंचावर जाण्याच्या ऐन आधी तारा पुन्हा सुरात लावाव्यात. पहिला कॉर्ड बेसूर लागला, तर उत्तम तयारीच्या वादकाचाही धीर सुटतो.