मुलं येईनाशी झालीत, काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही पाचसहा जण मिळून निर्वासित कुटुंबांतल्या मुलांसाठी चित्रांचा उपक्रम चालवतो, वय साधारण १३ ते १७. शेवटी सगळ्यांनी मिळून एक मोठी भिंत रंगवायचीय. सुरुवातीला भरपूर मुलं आली, आता मोजकीच येतात आणि मोठी तर जवळजवळ नाहीतच. एकदा आम्ही 'आपलं जुनं घर काढा' असं सांगितलं तर एक मुलगी कागद तसाच ठेवून निघून गेली, ती परत आली नाही. आमचं काय चुकतंय? आणि देणगीदार मुलांचे फोटो मागतायत, द्यायचे का?

उत्तर: सगळ्यात आधी तो जुन्या घराचा विषय बंद करा. अहो, ही मुलं आणि त्यांचे आईवडील आपली कहाणी अधिकाऱ्याला, दुभाष्याला, वकिलाला, शाळेत, दवाखान्यात सांगून सांगून दमलेली असतात, आणि इथे राहायला मिळणार की नाही हे बऱ्याचदा त्या कहाणीवरच ठरत असतं. मग चित्रांच्या तासालाही तेच काढायचं म्हटलं की त्यांना ती आणखी एक चौकशीच वाटते. मूल आपणहून काढत असेल तर काढू दे, शेजारी बसा, पण खोदून खोदून विचारू नका. आपण काही मानसोपचार करत नाही. एखादं मूल फारच बिथरलं तर कोणाला फोन करायचा तेवढं मात्र आधीच ठरवून ठेवा. त्या मुलीला निरोप पाठवा की जागा तुझीच आहे, यायचं तेव्हा ये, का गेलीस हे कोणी विचारणार नाही.

मला इथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आठवते. बाउहाउस या जर्मनीतल्या नावाजलेल्या कलाशाळेत शिकलेली ज्यू चित्रकार, डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला तेरेझिनच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्तीत पाठवलं. तिथे ती मुलांना चित्रकला शिकवायची आणि शिकवायची म्हणजे खरंच शिकवायची, रेषा, लय, रंग, समोरच्या वस्तू बघून काढणं, मोठमोठ्या चित्रकारांच्या चित्रांवरून अभ्यास. चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायची. नुसतं 'मन मोकळं करा' म्हणून सोडून दिलं नाही तिने. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं, तिच्या बहुतेक विद्यार्थ्यांनाही मारलं. जायच्या आधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली होती, आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यात फुलं आहेत, फुलपाखरं आहेत, घेटोतली दृश्यंही आहेत. इतक्या भयंकर जागी ती मुलांना कला गंभीरपणे शिकवत होती, मग आपण का नाही शिकवायची?

आता मोठ्या मुलांचं. १६-१७ वर्षांच्या मुलाला १३ वर्षांच्या पोरांबरोबर क्रेयॉन दिले तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही, शिवाय त्याच्यामागे धाकटी भावंडं असतात, आईबरोबर सगळीकडे भाषांतराला जायचं असतं, कुठेतरी काम असतं. त्याला खरं काम द्या आणि शिकण्यासारखं कौशल्य द्या. भिंत मोजणं, खरवडून प्रायमर लावणं, रंग किती लागेल त्याचा हिशेब. 'मला चित्र येत नाही' म्हणणाऱ्याच्या हातात सरळ सुताची दोरी द्या. दोरीला खडूची पूड चोळायची, दोन टोकं दोघांनी ताणून भिंतीला लावून धरायची, तिसऱ्याने मधोमध ओढून सोडायची, फटकन सरळ रेघ उमटते. एकट्याने होत नाही आणि भाषा लागत नाही. अशा आडव्याउभ्या रेघांनी भिंतीवर आणि छोट्या चित्रावरही चौकटी आखून झाल्या की एकेक चौकट बघून ते चित्र भिंतीवर मोठं करायला कोणालाही जमतं. वयाने मोठ्यांना मदतनीस म्हणून मानधन देता आलं, कायद्यात बसत असेल तर, अवश्य द्या, निदान येण्याजाण्याचं भाडं तरी.

आणि चित्र कोण ठरवणार हो? कबुतर आणि उगवता सूर्य तुम्ही आधीच ठरवला असेल तर मुलं फक्त रंग भरतायत. त्यांना फुटबॉल हवा असेल, गाड्या हव्या असतील, स्वतःच्या लिपीतली मोठी अक्षरं हवी असतील, तर तेच होऊ दे. आसपासच्या मुलांनाही घ्या, आणि कोण निर्वासित आणि कोण इथलं हे जाहीर करत बसू नका.

शेजारपाजारच्यांशी भिंतीला हात लावायच्या आधी बोला. २०२१ मध्ये 'अमल' नावाची साडेतीन मीटर उंच बाहुली, म्हणजे नऊ वर्षांची सीरियन निर्वासित मुलगी, तुर्कस्तानातल्या सीरियाच्या सीमेजवळच्या गाझियानतेपपासून इंग्लंडमधल्या मँचेस्टरपर्यंत सुमारे ८००० किलोमीटर गेली. तिला चालवणाऱ्यांत काही जण स्वतः निर्वासित होते, आणि गावोगावचे कलाकार, शाळकरी मुलं तिच्या स्वागताची तयारी करायची. तरीही ग्रीसमध्ये लारिसाला तिच्यावर दगड फेकले गेले. विरोध होऊ शकतो हे धरूनच चाला, पण तो मुलांच्या अंगावर येऊ देऊ नका.

आणि वार, वेळ, माणसं बदलू नका. दोनच मुलं आली तरी तास घ्या, कारण या मुलांनी माणसं अचानक गायब झालेली फार बघितलीत.

फोटोंचं उत्तर सरळ आहे, चेहरे देऊ नका. मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो, आश्रयाचा अर्ज चालू असू शकतो. परवानगी घेतलीत तरी रंग देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मुलाला जड जातं. हातांचे, भिंतीचे फोटो पाठवा, आणि भिंतीवर नाव घालायचं का, पूर्ण की टोपणनाव, हे ज्याचं त्याला ठरवू दे. देणगीदार चेहऱ्यांवरच अडून बसला तर दुसरा शोधा.