नववीचं गणित आणि फाडलेली पानं

मी समुपदेशक. मृगाचा पाऊस लागला की माझ्या फोनवरचे विषय बदलतात. मे महिन्यात मुंबईकर आलेले असतात, त्यामुळे जमिनीच्या वाटण्या आणि सासू-सुना चालू असतात. शाळा सुरू होऊन आठवडा झाला की मात्र एकच: "मॅडम, मुलगी नववीत गेली. गणिताचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते." मुलगी असेल तर पोटात दुखतं, मुलगा असेल तर वही हरवते. आणि जवळजवळ प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, "क्लास कुठला लावू?"

या जूनमध्येही तेच चाललंय, म्हणून काही वर्षांपूर्वीची एक मुलगी इथे आणते. तिची आजी तिला 'बाय' म्हणते, मीही तेच म्हणते. ती आता कॉलेजात आहे. लिहायला तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. आंबा तेवढा तसाच ठेवलाय. देवगड तालुक्यात आंब्यावरून कोणाची ओळख पटत नाही.

नववीच का, हे आधी सांगायला हवं. आठवीपर्यंत गणिताचं पुस्तक एक असतं. नववीत भाग १ आणि भाग २ अशी दोन येतात, ज्यांना घराघरांत अजून बीजगणित आणि भूमितीच म्हणतात. दहावीला याच दोन भागांचे चाळीस-चाळीस मार्कांचे दोन पेपर असतात. म्हणून जो भेटेल तो मुलांना सांगतो, नववी म्हणजे दहावीचा पाया. पाया म्हटलं की मुलांना वाटतं, एक दगड हलला तर घर गेलं. त्यात आपलं कोकण. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, २०२४ साली तर ९९.०१ टक्के. इतकी मुलं पास होतात म्हटल्यावर भीती कमी व्हायला हवी ना? उलट होतं. "राहिलेल्या एक टक्क्यात मीच असेन," हे मी या खोलीत किती मुलांच्या तोंडून ऐकलंय.

बाय आली ती वडील आणि आजीसोबत. वडिलांनी बसायच्या आधीच निकाल लावला, "आमच्या घराण्यातच गणित नाय, मॅडम. मी पस्तीस काढून सुटलो." आजी म्हणाली, "माका काय ता गणित कळाक नाय. पण बाय रातची उठान बसता, ता दिसता."

मी तेव्हा एक चूक केली. वडिलांना विचारलं, यंदा आंब्याच्या पेट्या किती गेल्या, वाशीच्या बाजारात भाव काय मिळाला. त्यांनी दलाली, हमाली, गाडीभाडं वजा करून हातात काय राहिलं ते डोळे मिटून सांगितलं. मी विजयी मुद्रेने बायकडे वळले, "बघ, घराण्यात गणित आहे की!"

बाय शांतपणे म्हणाली, "तो हिशेब. गणितात कारण लिहावं लागतं."

तिचं बरोबर होतं. बाजारातला हिशेब दाखवून भूमितीची भीती घालवायचा हा खेळ आम्ही समुपदेशक फार हौसेने खेळतो. मूल मान डोलावतं आणि घरी जाऊन परत रडतं. बायने निदान मान तरी डोलावली नाही.

दुसऱ्या खेपेला मी तिला फक्त आठवीची गणिताची वही आणायला सांगितली. वही देखणी होती. ब्राऊन कव्हर, पट्टीने आखलेला समास, एकही खाडाखोड नाही. पण हातात घेतल्यावर हलकी लागली. दोनशे पानी वही, मधल्या पिना सैल. आम्ही दोघींनी पानं मोजली. एकशे चव्वेचाळीस.

"बाकीची कुठे गेली?"

"खराब होती."

"खराब म्हणजे?"

"चुकलेली."

"एक गणित चुकलं तर पान फाडतेस?"

"हो. आणि एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं सुटतं. मग तेही काढते."

"त्याच्यावरचं बरोबर असलं तरी?"

"हो."

मी विचारलं, का गो? ती मला अगदी साधी गोष्ट समजावल्यासारखं म्हणाली, "डागी आंबा पेटीत ठेवत नाहीत, मॅडम. एक राहिला तर अख्खी पेटी जाते. बाबाच सांगतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंब्याच्या बाबतीत तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. शहरातल्या कार्यशाळेत शिकलेलं 'चुका म्हणजे शिकण्याची संधी' हे वाक्य तिथे काढलं असतं, तर ती पोर परत आली नसती. कुणाच्या घरातलं शहाणपण चुकीचं ठरवून समुपदेशन होत नाही. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी मला आंब्याबद्दल आणखी सांग. आणि त्या रात्री मलाही झोप उशिरा लागली.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचाराने काम करते. त्याचं सार आमच्या आजीलाही कळेल असं आहे: प्रसंग माणसाला जेवढा त्रास देत नाही, तेवढा त्या प्रसंगाबद्दल माणूस मनात जे बोलतो ते देतं. मराठीत तर हा आजार एका अक्षरात पकडता येतो. 'गणित यावं' ही इच्छा. 'गणित आलंच पाहिजे, चुकताच कामा नये' ही सक्ती. तो 'च' काढायला मी अठरा वर्षं लोकांना शिकवते आहे. पण बायचा 'च' कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता, तो पॅकिंगच्या पडवीतून आला होता. तेव्हा तो काढायचा तर पडवीतूनच. हे मला सुचलं याचा थोडा अभिमान आहे, लपवत नाही.

तिसऱ्या वेळी मी विचारलं, "डागी आंबा हातात आला की बाबा काय करतात?"

"बाजूला काढतात."

"लगेच?"

"नाही, आधी बघतात, डाग कसला आहे ते."

"कसला म्हणजे? मला काय कळतंय त्यातलं!"

तेवढ्यावर तिची बसण्याची पद्धत बदलली. ती शिकवायला लागली. करपा असेल तर काळे ठिपके, पावसाने वाढतो, एकावरून दुसऱ्यावर जातो. फळमाशी असेल तर बारीकसं भोक आणि आत अळी, म्हणजे सापळे वेळेवर लावले नाहीत. एकाच बाजूला चट्टा असेल तर उन्हाने भाजलाय. नुसता घासलेला असेल तर तो झाडाचा दोष नाही, काढणाऱ्याचा नाहीतर भरणाऱ्याचा.

"मग सगळे फेकून देतात?"

"फेकतील कशाला? अळीचे सोडले तर बाकीचे कॅनिंगला जातात. आजी रस वाळवून साठं घालते."

"पण बघतात मात्र प्रत्येक."

"बघतातच. न बघता टाकला तर पुढच्या वर्षी परत तेच होणार ना..."

ती थांबली. बाहेर पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आवाजामुळे थांबली. मी काही बोलले नाही. या धंद्यात सगळ्यात अवघड काम हेच आहे, तोंडाशी आलेलं वाक्य गिळणं. मिनिटभर गेलं असेल.

"मी बघतच नाही," बाय म्हणाली. "मी नुसतीच फाडते."

पुढच्या भेटींत आम्ही डाग ओळखायला बसलो. वहीतली चुकलेली पानं गेलेलीच होती. पण वडिलांनी आठवीचे चाचण्यांचे पेपर कपाटात ठेवलेले निघाले, बायच्या हाती लागू नयेत म्हणून. एका पेपरात चार गणितं चुकली होती आणि चारही एकाच जागी, कंसाच्या आधी वजा आला की. मी कागदावर १० − (७ − ३) लिहिलं. तिने उत्तर काढलं शून्य. कंस सोडवताना आतल्या तीनचं चिन्ह बदललंच नव्हतं. ती बघत बसली, मग स्वतःशीच पुटपुटली, "दहा पेट्या होत्या. सात पाठवल्या. त्यातल्या तीन परत आल्या. घरात... सहा." आणि वर बघून म्हणाली, "हा करपा. एकाच ठिपक्याने चार गणितं खाल्ली." पहिल्या दिवशी मी लादलेला हिशेब तिने झिडकारला होता. आता तोच तिने स्वतः काढला होता, आणि कारणासकट.

फळ्यावरचे ३६ पेपरात ६३ झाले होते, तो घासलेला. शेवटच्या दहा मिनिटांत घाईने बिघडलेलं ते उन्हाचा चट्टा. मग तिने विचारलं, "आणि साका, मॅडम?"

ज्यांनी हापूस विकतच घेतलाय त्यांनी साका भोगलेला असतो. फळ बाहेरून सोन्यासारखं, कापल्यावर आत पांढरट, पोकळ, आंबूस. बाहेरून ओळखता येत नाही. मी विचारलं, गणितात असा कुठला? ती बराच वेळ गप्प होती. "पाठ केलेलं," म्हणाली. "बरोबरची खूण मिळते त्याला."

तिने त्याच पेपरातलं एक पूर्ण मार्कांचं उत्तर दाखवलं. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गाचं सूत्र, घडाघडा येत होतं. मी म्हटलं, ५ अधिक ३ म्हणजे ८, त्याचा वर्ग ६४. पण ५ चा वर्ग २५ आणि ३ चा ९, मिळून ३४ च. मग ३० गेले कुठे? तिला सांगता येईना. आम्ही आठ घरांचा चौरस काढला, एका बाजूने पाचावर रेघ, दुसऱ्या बाजूने पाचावर रेघ. कोपऱ्यात पंचवीस घरांचा एक चौरस, समोरच्या कोपऱ्यात नऊ घरांचा दुसरा, आणि राहिले दोन लांबट तुकडे, पंधरा-पंधरा घरांचे. "हे दोन!" ती ओरडलीच. सूत्रातले ते 'दोन' तिने वर्षभर लिहिले होते, पाहिले आज. मला गणित फारसं आवडत नाही, पण त्या क्षणी आवडलं.

आता ज्यांनी या जूनमध्ये फोन केले, त्यांच्यासाठी.

पहिल्या पंधरवड्यात क्लासच्या मागे धावू नका. सध्याच्या पुस्तकात भाग १ चा पहिला धडा संच आहे, त्याला आठवीतलं फारसं काही लागत नाही. खरा अडसर पुढे येतो. वास्तव संख्या आणि बहुपदी सुरू झाल्या की अपूर्णांक, ऋण चिन्हं, कंस, विस्तार सूत्रं, अवयव यांतलं जे कच्चं असेल ते उघडं पडतं. संच चालू असेपर्यंत मधला वेळ मोकळा मिळतो. तेवढ्यात रोज वीस मिनिटं जुन्या पेपरातला एकच डाग धरा. सगळे एकदम नको.

नव्या वहीला पहिल्याच दिवशी पानांचे क्रमांक घाला. बायकडून मी हे करून घेतलं होतं. क्रमांक घातलेलं पान फाडायला हात धजत नाही. खोडरबरही गणितापुरता लपवा, चुकलं त्यावर एक आडवी रेघ पुरते.

पेपर घरी आला की 'किती पडले' हे विचारल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, मला माहीत आहे. विचारा. पण त्यानंतर 'कुठे गेले' हेही विचारा, आणि ओरडण्याच्या सुरात नको. 'आमच्या घराण्यात गणित नाही' हे वाक्य मात्र मुलांसमोर बंद. तुम्ही ते धीर द्यायला म्हणता, मूल ते सातबारासारखं वाचतं.

भीतीने गणित खरंच बिघडतं, मूल नाटक करत नसतं. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की हातच्याची बेरीज करताना घाबरणाऱ्यांची मनातली पाटी काळजीनेच भरून जाते, आणि हातचा धरायला जागाच उरत नाही. तेव्हा 'घाबरतेस कशाला' म्हणून पाटी पुसली जात नाही. कागदावर पायऱ्या लिहायला लावा, तेवढा भार कमी होतो.

सगळ्याच मुलांचं असं नसतं. एखाद्याला लहानपणापासून संख्यांचा अंदाजच येत नसेल, तर ती गणन-अक्षमता असू शकते. त्याची रीतसर तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र असलेल्या मुलांना बोर्ड सवलती देतं. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल तर आधी डॉक्टर, मग मी.

शिक्षकांविषयीही थोडं. बायच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "आठवीचं येतंय असं धरून मी पुढे जाणार." तिच्या रात्री त्या वाक्याने खाल्ल्या. मी सरांना भेटले तेव्हा ते म्हणाले, "पोर्शन संपवायचा तर दुसरं काय धरू?" वाईट माणूस नव्हता. मी एवढंच मागितलं की मधल्या सुट्टीत ती एक प्रश्न घेऊन येईल, तो ऐका. त्यांनी ऐकले.

पहिल्या घटक चाचणीत बायला वीसपैकी अकरा पडले. वडिलांनी मला फोन केला, "अकराच?" मी म्हटलं, नऊ कसले गेले ते तिला विचारलंत? पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. "विचारतंय," म्हणाले.

गणपतीच्या सुट्टीआधी ती शेवटची आली. वही आणली होती, पान १ ते २००, सगळी जागेवर. त्यातून चाचणीचा पेपर काढून तिने माझ्यासमोर ठेवला. चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर पेन्सिलीने डागाचं नाव होतं. शिवाय सरांनी बरोबरची लाल खूण केलेल्या एका उत्तरासमोरही तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, साका.

"सरांना सांगितलं तर मार्क कापतील का हो, मॅडम?"

"माहीत नाही गो."

तिने पेपरची घडी घातली. "मग आधी समजून घेते," म्हणाली, "मग सांगते."