प्राचीन युद्धांच्या मिनिएचर खेळात सैन्याच्या मनोधैर्याचे घरचे नियम कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या टेबलावर दोन्ही सैन्यं शेवटची बाहुली पडेपर्यंत लढत बसतात, म्हणून 'एक तृतीयांश बेस गेले की सैन्य मोडलं' असा सुटसुटीत नियम लावायचा विचार आहे (बेस म्हणजे बाहुल्या चिकटवलेली पट्टी). आणि सेनापती पडला तर किती वजा करायचे, हेही विचारलंय. पहिल्याचं उत्तर: लावू नका. याच एका नियमापायी माझं एका माणसाशी आठ महिने बोलणं बंद होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात लेथवर असतो. या नादाला मी टाउन हॉलच्या म्युझियममुळं लागलो. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथं आहे. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी आला कसा, हे शोधता शोधता माणूस कुठं जातो बघा. आता रविवारी शटर ओढलं की वरच्या माळ्यावर सहा बाय चारच्या प्लायवर आमची युद्धं चालतात. पंधरा मिलिमीटरच्या बाहुल्या, थोड्या बाहेरून मागवलेल्या, बाकीच्या शिसं-कथिल वितळवून आम्हीच ओतलेल्या. फौंड्रीच्या गावात ओतकामाला अडत नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर. त्यांना लढाईतसुद्धा बेरीज लागते. तुमचाच नियम त्यांनी आमच्याकडं आणला होता: चोवीस बेसचं सैन्य, आठ गेले की खेळ खलास. हिशोब डीबीए नावाच्या छापील नियमावलीवरनं उचललेला. तिथं बारातले चार, आणि समोरच्यापेक्षा जास्त, गेले की तुम्ही हरता. डीबीएत ते शोभतं, कारण तो खेळ तासाभरात आटपावा म्हणूनच तसा बांधलाय. आम्ही चार चार तास बसतो.

त्या रविवारी राफिया लावलं होतं. इ.स.पू. 217, गाझाच्या खाली, इजिप्तचा चौथा टॉलेमी विरुद्ध सेल्युकिड राजा तिसरा अँटिओकस. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनं आकडे दिलेत: टॉलेमीकडं 70,000 पायदळ, 5,000 घोडदळ आणि 73 हत्ती, अँटिओकसकडं 62,000 पायदळ, 6,000 घोडदळ आणि 102 हत्ती. अँटिओकसचे हत्ती हिंदुस्थानातले, टॉलेमीचे आफ्रिकेतले आणि अंगानं लहान. आमच्याकडं नेमकं उलटं झालं, कारण आफ्रिकेचे म्हणून जोतिबाच्या जत्रेतले प्लॅस्टिकचे हत्ती आणले होते आणि ते दीडपट मोठे निघाले. ते पुढच्या रांगेत आहेत म्हणून मोठे दिसतात, असं मास्तरांचं म्हणणं.

मी अँटिओकस. उजव्या बगलेला घोडदळ आणि हत्ती घेऊन मी मास्तरांची डावी बगल पार धुऊन काढली. मधे माझा फॅलँक्स, म्हणजे लांब भालेवाल्यांची दाट फळी, जागचा हललाही नव्हता. पण गोफणवाले, तिरंदाज, भालाफेके पुढं पसरले होते, ते सहा बेस मेले. त्यांचं कामच ते: पुढं जायचं, त्रास द्यायचा, मरायचं नाहीतर मागं सरायचं. डाव्या टोकाला अरबांचे दोन बेस गेले. मास्तरांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि बोटं मोजली.

"आठ झालं. उठीव भावा."

मी म्हणालो, "मास्तर, फॅलँक्सच्या केसाला धक्का लागलेला नाही. गोफणवाली पोरं मेली म्हणून वीस हजार भालेकरी घरची वाट धरतील काय?"

"मग खऱ्या लढाईत काय झालं रं? तिथं बी अँटिओकस हरलाच की!"

सगळे हसले. मी माझे हत्ती डब्यात भरले आणि खाली उतरलो. पुढचे आठ महिने रविवारी मी एकटाच मिसळ खाल्ली.

चिडलो, कारण मास्तर खरं बोलले होते. अँटिओकस हरलाच होता. पण तो कसा हरला ते बघा. तो स्वतः उजव्या बगलेला जिंकला आणि पळणाऱ्यांच्या मागं लागून लांब गेला. इकडं टॉलेमीच्या उजव्या बगलेनं समोरच्यांना पिटाळलं. आणि फॅलँक्सच्या आडोशाला गेलेला टॉलेमी एकदम पुढं येऊन दोन्ही सैन्यांना दिसला. त्याच्या लोकांना अवसान चढलं, समोरच्यांचं गळालं. अँटिओकसच्या फॅलँक्सचा मोठा भाग लगेच मागं फिरला. इकडं राजेसाहेब विजयाच्या खुशीत. एका जाणत्या माणसानं त्यांना धुरळा दाखवला, फॅलँक्सकडनं त्यांच्याच छावणीकडं सरकत चाललेला. तेव्हा कुठं कळलं.

अँटिओकसचं पायदळ मेलं साधारण 10,000. बासष्टातले दहा, म्हणजे सहातला एकसुद्धा नाही, आणि प्राचीन लढायांत हरणारा मरायचा तो बहुतेक पाठ दाखवल्यावरच. म्हणजे पाय निघाला तेव्हा मेलेल्यांचा आकडा आणखी कितीतरी कमी असणार. मास्तरांच्या नियमानं हरणारा बरोबर निघाला, पण तसं तर बंद घड्याळही दिवसातनं दोनदा बरोबर वेळ दाखवतं.

सैन्य मोडतं ते डोळ्यांमुळं. मेलेल्यांची मोजदाद रणात कोणी करत नाही. कॉलेजात असताना एका फुटबॉल मॅचला दोन पेठांत जुंपली होती. मी आमच्या घोळक्याच्या मागच्या टोकाला. पुढं काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसता आवाज. शेजारच्या दोघांनी पाठ फिरवली आणि मी कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत पळालो. एक चप्पल तिथंच राहिली. नंतर कळलं की पुढं एकालाही साधं खरचटलं नव्हतं, आमचीच पोरं वरचढ होती. पुढचा लढत असतो, त्याला सवड नसते. पळ सुटतो मागनं.

आता सेनापतीचं. मास्तर यावर लगेच दारा शुकोह काढतात. 1658, सामूगढ: दारा हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसला, हौदा रिकामा दिसला आणि फौज फुटली. पानिपतावर 1761 मध्ये विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरनं उतरले, तिथंही तेच. म्हणून मास्तर म्हणतात, सेनापती गेला की सैन्य गेलं. अहो, पण दारा मेलाच नव्हता! तो फक्त दिसेनासा झाला. आणि उलटं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे, नेसरीचं. 1674 मध्ये प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले आणि सातही पडले. मराठ्यांचा सरनौबत गेला, पण फौज मोडली नाही, कारण ती ते बघायला तिथं नव्हती. एकीकडं जिवंत सेनापती दिसला नाही म्हणून फौज पळाली, दुसरीकडं मेलेला दिसला नाही म्हणून टिकली. मास्तर, हे मी तुम्हाला त्याच दिवशी जिन्यावरनं ओरडून सांगणार होतो, तेव्हा सुचलं नाही.

बरं, नियम. आमच्याकडं याला 'धुरळा' म्हणतात. कारण घडलं तरच त्या युनिटनं दोन फासे टाकायचे. पाच किंवा वर आलं की टिकलं. शेजारी एका वितेच्या आत आपल्याच तोलाचं युनिट पळालं तर एक वजा. शत्रू बगलेला किंवा पाठीशी आला तर एक वजा. सेनापती त्या युनिटला दिसत नसेल तर एक वजा; मेला, लांब गेला की टेकडीआड आहे, हे विचारायचंच नाही. पाठीशी ताजी राखीव तुकडी उभी असेल तर एक अधिक. रोमन लोक त्रिआरी, म्हणजे जुन्या अनुभवी सैनिकांची शेवटची फळी, मागं गुडघा टेकून बसवायचे ते उगाच नव्हे.

'तोलाचं' हा शब्द सोडू नका. गोफणवाले पळाले तर फॅलँक्सनं ढुंकूनही बघायचं नाही. फॅलँक्स पळाला तर मात्र झाडून सगळ्यांनी फासे टाकायचे. आणि एका युनिटनं एका पाळीत एकदाच, नाहीतर एक पळाला म्हणून दुसरा, दुसरा म्हणून तिसरा, असं पत्त्याच्या बंगल्यासारखं अर्धं टेबल रिकामं होतं. आमचं झालं होतं.

फासा एकच ठेवू नका. एका फाशात एक वजा म्हणजे फार मोठी उडी होते. दोन फाशांत कसं पडतं ते बघा: काहीच वजा नसताना 36 पैकी 6 वेळा युनिट पळतं, एक वजा असताना 10, दोन असताना 15, तीन असताना 21. हा तक्ता मास्तरांनीच काढून दिलाय. अबोला चालू असताना, चौकडीच्या कागदावर, शेजारच्या पोराच्या हाती पाठवून. खाली सहीसुद्धा नव्हती, पण त्यांचा सात मी ओळखतो.

सेनापती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडला तर पुढच्या पाळीला कोणी पुढं सरकायचं नाही. इ.स.पू. 362 मध्ये ग्रीसमध्ये मँटिनियाला थीब्जचा सेनापती एपामिनोंडास पडला तेव्हा त्याचं जिंकत आलेलं सैन्य पळालं नव्हतं, जिथल्या तिथं थबकलं होतं. हत्तींना वेगळा फासा लागतो, बिथरला की जवळच्या युनिटवर, मग ते कोणाचंही असो. त्याचं पुन्हा कधीतरी.

राहिला खेळ संपवायचा प्रश्न, जो तुम्ही खरंतर विचारला होता. आम्ही डावी बगल, उजवी बगल आणि मधली फळी असे तीन भाग पाडतो. एका भागातली अर्धी जड युनिटं पळाली की तो भाग मोडला, दोन भाग मोडले की हार. यातही मोजणी आहे, कबूल. पण पळालेल्यांची आहे, मेलेल्यांची नाही. तसा उचललेला बेस म्हणजे सगळी माणसं मेली असंही नसतं, लढण्यालायक राहिली नाहीत एवढंच. त्या हिशोबानं मास्तरांचा एक तृतीयांश अगदीच टाकाऊ नाही. लहान पोरांना घेऊन दोन तासांत उरकायचं असेल तर खुशाल तोच वापरा. आणि हानिबलनं रोमनांना घेरलं त्या कॅनीसारखी लढाई लावली तर माझा नियम गडबडतो, कारण चारी बाजूंनी कोंडलेल्यानं पळायचं कुठं? तिथं 'पळालं'च्या जागी 'जागेवर गोठलं' धरा.

मास्तर परत यायला लागलेत. दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा राफिया लावलं, या वेळी माझ्या नियमांनी. तिसऱ्याच पाळीत त्यांचं एक युनिट माझ्या फॅलँक्सच्या बगलेला आलं. सेनापती शेजारीच, राखीव तुकडी मागं. एक वजा, एक अधिक, पाच हवे होते. मी टाकले: एक आणि एक. फॅलँक्स पळाला, त्याच्यामागनं झाडून सगळे फासे पडले आणि मधली फळी गेली. मास्तरांनी चष्मा पुसला, टेबलावर वाकून बघितलं आणि विचारलं, "धुरळा दिसला काय रं?"