किती वाजता जेवलीस?

प्रिय बाळ,

काल तू गेल्यावर अर्धशिशीपायी बंद केलेल्या पदार्थांची तुझी यादी टेबलावरच राहिली. वाचली. दही, टोमॅटो, वांगं, चॉकलेट, केळं, लोणचं, शेंगदाणे. शेंगदाण्यांखाली तर दोन रेघा ओढल्यास. सोलापुरात राहून शेंगाची चटणी सोडलीस, म्हणजे डोकं किती दुखत असेल ते मला कळलं. तरी खरं सांगते, दया कमी आली आणि राग जास्त. इतकं सगळं बंद केलंस, पण मी "आज किती वाजता जेवलीस?" विचारलं तर विचारात पडलीस. म्हणालीस, "साडेतीन... की चार?"

त्या 'की'साठी हे पत्र लिहायला बसले.

अर्धशिशीच्या डोक्याला बदल खपत नाही. जेवण लांबलं, उपास घडला, जागरण झालं की ते उठतं. रविवारी दोन तास जास्त झोपलीस तरी उठतं. म्हणून काय खाल्लंस ते नंतर सांग, किती वाजता खाल्लंस ते आधी सांग.

चॉकलेट खाल्लं की दुसऱ्या दिवशी हमखास दुखतं म्हणालीस. अगं, उलटंही असू शकतं. दुखायच्या आधीच, कधी आदल्या दिवशीही, काहींना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, मान अवघडते, उगाच चिडचिड होते. दुखणं तेव्हाच घरातून निघालेलं असतं. चॉकलेट बिचारं वाटेत भेटतं आणि आळ त्याच्यावर येतो. एखाद्याला एखादा पदार्थ बाधतोही, नाही असं नाही. पण मग तो दर वेळी बाधायला हवा आणि तसं वहीत दिसायला हवं. कुणाचा तरी व्हिडिओ बघून ताट रिकामं करायचं नाही. रिकामं ताट हेच तर मूळ दुखणं आहे.

माझी आई विड्या वळायची. हजार पूर्ण झाल्याशिवाय सुपावरून उठायची नाही. मजुरीच हजारावर. आमची भाकरी चुलीजवळ झाकलेली असायची, तिची तीन वाजले तरी तशीच. महिन्यातून तीनचारदा ती डोक्याला फडकं आवळून, भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही भावंडं कुजबुजायचो, आईला आज काम नकोय. मीही कुजबुजले आहे. अर्धशिशी बऱ्याचदा घराण्यातून येते हे मला चाळिशीत डॉक्टरांकडून कळलं, तोवर आई गेली होती.

आणि तरी मी काय केलं? टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघायची. मार्चअखेर आली की डबा जसाच्या तसा घरी परत. डोकं उठलं की गोळी. आधी आठवड्याला एक, मग रोज, मग रोज दोन. डॉक्टरांनी विचारलं, महिन्यातून किती दिवस गोळी घेता? म्हटलं, घेत नाही ते दिवस सांगू का, ते सोपं पडेल. त्या हसल्या नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्याला १५ दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकीत दोन-तीन औषधं असलेल्या) किंवा अर्धशिशीच्या खास ट्रिप्टान गोळ्या १० दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या तेव्हा पहिले दोन आठवडे कसे काढले ते मला माहीत. काल पर्समधून रुमाल काढताना तुझं रिकामं पाकीट खाली पडलं, ते मी पाहिलं. या महिन्यातलं कितवं? मोज आणि डॉक्टरांना खरा आकडा सांग. त्यांनी दिलेली गोळी मात्र दुखायला लागताच घ्यायची, तीन तास सोसून झाल्यावर नाही.

मग मी कारखान्यातली एक जुनी खतावणी घरी आणली आणि रकाने आखले. जेवण, झोप, चहा, पाणी, पाळी, गोळी. तीन महिन्यांत ११ वेळा डोकं उठलं, त्यातल्या ८ दिवशी जेवण तीनच्या पुढे गेलेलं. दोनदा पाळी. उरला एक रविवार. रोज सहाला चहा लागणाऱ्या डोक्याला त्या दिवशी नऊपर्यंत चहाच दिला नव्हता. चहा सोडू नकोस, पण रोज तेवढाच आणि त्याच वेळी. परत तेच. वेळ.

तेव्हापासून मी एकला जेवते. सासऱ्यांच्या श्राद्धालाही. गुरुजी विजापूर रोडला अडकले होते, नैवेद्य व्हायचा होता, आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दहीभात खाल्ला. हो, दही. तुझ्या यादीतलं पहिलं. जाऊबाईंनी पाहिलं आणि आजवर चारचौघांत सांगतात. सांगू देत. त्या दिवशी २२ पानं मी वाढली, रात्रीची पातेली मी घासली. आदल्या वर्षी उपाशी थांबले तेव्हा दुपारी अंधाऱ्या खोलीत ओकत कोण पडलं होतं आणि सगळ्यांच्या नाकी नऊ कसे आले, ते काही त्या सांगत नाहीत. हट्टी म्हणतात मला. हट्ट नसता तर नोकरी टिकली नसती. पटत नसेल तर सोड. पण एकला जेव.

जागा जाते म्हणून अभ्यासिकेतून उठत नाहीस. जाऊ दे जागा. पोळीभाजीचा डबा जिन्यात बसून वीस मिनिटांत होतो. पाणीही पीत नाहीस तिथे, कारण तिथलं बाथरूम. तू बोलली नाहीस, पण मीही बाईच आहे. आधीच आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी, त्यामुळे प्यायचंही पुरवून पुरवून प्यायची सवय लागते. त्यात हे ऊन, पारा ४३ वर. बाटली भरून ने, संपवून आण, बाथरूमचं तिथल्या चालकांना मी येऊन सांगते.

डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेघा येतात म्हणालीस, ते डॉक्टरांच्या कानावर घाल, विशेषतः पाळी नियमित करायच्या गोळ्या सुरू करायच्या आधी. अशा रेघा येणाऱ्यांना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि कधी डोकं एकदम, क्षणात, पूर्वी कधी नव्हे असं फुटायला लागलं, ताप आला, हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, यातलं एक जरी झालं तर तडक दवाखाना. तिथे माझं घड्याळ चालत नाही.

अजूनही दोन महिन्यांतून एकदा मला गाठतंच ते. वर्षभर रोजची प्रतिबंधक गोळीही घेतली, त्यात लाज कसली?

यादी परत मागायला येऊ नकोस. मागच्या कोऱ्या बाजूला मी दूधवाल्याचा हिशेब मांडलाय.

तुझी,
वरच्या मजल्यावरची काकू